शेवाळे सरांच्या बाटल्या

बाईंना स्वस्थ बसता येत नसे. सिनेमाला गेल्या तर मध्यंतराच्या आतच त्या खुर्चीच्या कडेवर आलेल्या असत. कुणाच्या घरी गेल्या तर पाण्याचा ग्लास हातात यायच्या आधी पुस्तकांच्या कपाटाशी उभ्या असत. लहानपणीच आईने निकाल देऊन टाकला होता, "हिच्या पायाला भिंगरी आहे, ही कुठे टिकायची नाही." आईचं एवढंच चुकलं की बाई टिकल्या. एकाच विद्यापीठात, एकाच मजल्यावर, एकाच प्रश्नापायी त्यांची वीसेक वर्षं गेली. भिंगरी सगळी डोक्यात होती.

प्रश्न सांगायला सोपा होता. झाडाचं पान उन्हातून शक्ती काढतं, तशी आपल्याला काढता येईल का? पानात एक प्रथिन असतं. त्यावर प्रकाश पडला की ते पाणी फोडतं आणि विजेचे कण मोकळे होतात. बाई मूळच्या भौतिकशास्त्राच्या, तारा आणि भिंगं यांच्यात वाढलेल्या. शिकत असताना एकदा कुणीतरी अंधाऱ्या खोलीत एका पानावर निळा झोत सोडून दाखवला. पानाने त्यातला थोडा प्रकाश लाल करून परत फेकला. नको तेवढं परत, हवं तेवढं आत. बाकीची मुलं चहाला गेली. बाई तिथेच उभ्या राहिल्या आणि त्या दिवसापासून त्यांचं भौतिकशास्त्र जे हिरवं झालं ते झालंच.

पुढे त्या प्राध्यापक झाल्या आणि पालक विकत घेऊ लागल्या. जुडी दोन जुड्या नव्हे, क्रेटच्या क्रेट. भाजीवाल्याने एकदा काळजीने विचारलं, "बाई, घरात कुणाला रक्त कमी आहे का?" तो पालक थंड खोलीत, अगदी मंद हिरव्या दिव्यात वाटायचा, गाळायचा, यंत्रात गरगर फिरवायचा, आणि शेवटी हाती लागायचं चिमूटभर गडद हिरवं प्रथिन. त्याचा कांद्याच्या सालीहून पातळ पापुद्रा काचेवर चढवायचा, काचेला तारा जोडायच्या आणि दिवा लावायचा. पहिल्यांदा करंट मिळाला तेव्हा बाईंना आनंदाने ओरडायचं होतं, पण थंडीने दातांवर दात आपटत होते. त्या एका निकालावर त्यांचं नाव झालं. बोलावणी आली, शोधनिबंध आले, मोठी लॅब आली.

पण पापुद्रा मरत असे. ज्या प्रकाशावर तो जगायचा तोच प्रकाश त्याला जाळायचा. आधी काही मिनिटांत, मग अर्ध्या तासात, मग बाईंनी नाना लेप आणि मसाले लावून तो काही तासांपर्यंत खेचत आणला. आलेख मात्र दर वेळी तोच. रेषा झपकन वर चढायची आणि मग खाली उतरत जायची. लॅबमधली मुलं तिला घसरगुंडी म्हणत. "मॅडम, आजची घसरगुंडी कालच्यापेक्षा लांब आहे," असं कुणी म्हणालं की बाई खूश होत. घसरगुंडी कितीही लांबवली तरी ती खालीच जाते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते त्यांना मनातून खातच होतं. म्हणून तर त्या जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत आणि समोरचा बोलत असताना त्याचंच वाक्य पुरं करून टाकत.

त्यांचे यजमान भूलतज्ज्ञ होते. ते म्हणत, "अख्ख्या शहराला झोपवतो मी, पण घरचं माणूस काही गप्प पडत नाही."

बाईंच्या ऑफिसला लागूनच शेवाळे सरांची खोली होती. सरांचं आडनाव वेगळंच होतं, पण ते आयुष्यभर शेवाळ वाढवत आले होते आणि मुलांनी त्यांचं बारसं करून टाकलं होतं. नवीन कारकुनाने एकदा त्यांच्या ओळखपत्रावरसुद्धा तोच उल्लेख केला आणि सरांनी तो दुरुस्त करून घेतला नाही. त्यांच्या खोलीत खिडकीशी काचेच्या बाटल्यांची रांग होती, प्रत्येकीत हिरवं पाणी, आणि पाण्यात दिवसरात्र बुडबुडे सोडणारे छोटे पंप. त्या बुडबुड्यांच्या आवाजाने बाईंचं डोकं उठायचं. भिंतीपलीकडे कुणी सतत गुळण्या करतंय असं वाटायचं.

दोघांत बोलणं नव्हतं. झालं होतं असं, की खूप वर्षांपूर्वी बाईंच्या एका व्याख्यानानंतर सर उभे राहिले आणि भर सभेत म्हणाले, "काम सुरेख आहे. फक्त तुमचं पान मेलेलं आहे." लोक हसले. बाईंनी फटकन उत्तर दिलं, "तुमचं जिवंत आहे, पण त्यावर घड्याळसुद्धा चालत नाही." लोक जास्त हसले. तेव्हापासून लिफ्टमध्ये दोघं आकड्यांकडे बघत उभी राहत.

त्यामुळे एका सकाळी लिफ्टमध्ये सर स्वतःहून बोलले तेव्हा बाई दचकल्याच.

"तुम्ही सुट्टी घेत नाही असं ऐकलंय."

"बरोबर ऐकलंय."

"मग माझ्या बाटल्यांकडे बघाल का? दोन-अडीच महिने. पाणी कमी झालं की घालायचं, पंप बंद पडला की चालू करायचा. बाकी त्यांचं ते करतात."

"तुमची मुलं?"

"शेवटचा मुलगा गेल्या वर्षी पास होऊन गेला. नवीन कुणी येत नाही. शेवाळ कुणाला हवंय?" सरांनी चष्मा पुसला. "बायकोला किडनी द्यायची आहे. माझी जुळली."

बल्ब बदलायचाय म्हणावं तितक्या सहज ते बोलले. लिफ्टचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी त्या म्हणाल्या, "किल्ली द्या."

योगायोगाने त्या ऑपरेशनला भूल द्यायला बाईंचे यजमानच होते. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बूट काढता काढता सांगितलं, "दोघंही ठीक आहेत. एरवी पेशंटचं बाहेर सांगू नये, पण हे काही वैद्यकीय नाही म्हणून सांगतो. तुझ्या शत्रूला मी उलटे आकडे मोजायला सांगितले, तर तो म्हणाला, 'कोपऱ्यातल्या बाटलीला ऊन जास्त लागू देऊ नका म्हणावं.' आणि झोपला."

बाई हसल्या, पण दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी कोपऱ्यातली बाटली आधी सावलीला सरकवली.

त्या दिवसांत त्यांच्या जिवाला घोर होता तो तपासणी समितीचा. मोठ्या प्रकल्पाची मुदत संपत आली होती आणि पुढची मुदत मिळवायची तर पापुद्रा गच्चीवर, खऱ्या उन्हात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवून दाखवायचा होता. हे काम धाकटीकडे होतं. धाकटी म्हणजे बाईंची सगळ्यात नवी पीएचडीची विद्यार्थिनी, जिद्दीची आणि जिभेने तिखट. तिचा प्रबंधही याच पापुद्र्यावर उभा होता. दोघी सकाळी गच्चीवर काचेचे तुकडे मांडत आणि दुपार टळायच्या आत उतरवत, कारण उन्हं वर आली की रेषा खाली. लेप बदलला, काच बदलली, पालक बदलला. ऊन काही बदलेना.

असल्याच एका कंटाळवाण्या दुपारी, लेप वाळायची वाट बघत असताना, बाईंना रिकाम्या हातांनी बसवेना. त्या शेजारच्या खोलीत गेल्या. बाटल्यांना पाणी घालून झालं. तरी वेळ उरला. मग त्यांनी आपल्या लॅबमधून तारा आणि आलेख काढणारा मीटर आणला आणि एका बाटलीत काळ्या कार्बनच्या दोन पट्ट्या सोडल्या. नुसती गंमत म्हणून. जिवंत शेवाळ आपल्याला लागेल तेवढी शक्ती वापरून उरलेले थोडे विजेचे कण बाहेर सांडतं, हे पुस्तकात होतंच. आकडा आला तो बघून त्यांना हसूच फुटलं. त्यांच्या पापुद्र्यापुढे म्हणजे हत्तीपुढे मुंगी. "घड्याळसुद्धा नाही," त्या बाटलीला म्हणाल्या, आणि मीटर तसाच चालू ठेवून गच्चीवर पळाल्या.

आठवडाभराने पाणी घालायला गेल्या तेव्हा मीटरची आठवण झाली. मुंगी चालतच होती. दिवसा जरा वर, रात्री जरा खाली, पण चालतच.

बाई चिडल्या. खरंच चिडल्या, एखाद्या हट्टी मुलावर चिडावं तशा. त्यांनी लॅबमधला सगळ्यात प्रखर दिवा आणला आणि बाटलीसमोर लावला. "आता बोल." रेषा उतरू लागली. ती उतरण बाईंना पाठ होती, अगदी घसरगुंडी. पाहिलंत, त्या मनात म्हणाल्या, मेलेलं असो की जिवंत, ऊन सगळ्यांना सारखंच. दिवा बंद करून पडदा अर्धा ओढला आणि चहाला गेल्या.

परत आल्या तेव्हा रेषा वर येत होती.

त्या उभ्या राहिल्या. मग स्टूल ओढून बसल्या. कुणी पाहिलं असतं तर विश्वास बसला नसता, पण बाई त्या स्टुलावरून जवळजवळ दोन तास हलल्या नाहीत. रेषा हळूहळू, धापा टाकत चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी, होती तिथवर चढली. इतक्या वर्षांत त्यांनी हजारो रेषा पाहिल्या होत्या. खाली गेलेली एकही परत वर आली नव्हती.

त्यात नवल असं काही नव्हतं, आणि तेच जिव्हारी लागत होतं. पान उन्हात जळलेला प्रथिनाचा तुकडा काढून फेकतं आणि तिथे नवा बसवतं. दिवसभर, न थकता. हे बाई दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होत्या. फळ्यावर चित्र काढून. आणि वर्गातून लॅबमध्ये आल्या की दुरुस्ती करणाऱ्या सगळ्या कारागिरांना चाळणीत मागे टाकून नुसतं यंत्र काचेवर चिकटवत होत्या, आणि ते टिकत का नाही म्हणून डोकं फोडत होत्या.

पण मनाला पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. त्यांनी एका बाटलीत एक अँटिबायोटिक घातलं. त्याने शेवाळ लगेच मरत नाही, फक्त नवीन प्रथिन तयार करणं थांबतं. मग पुन्हा दिवा लावला, रेषा उतरली. दिवा काढला. रेषा खालीच राहिली. मग दुसऱ्या एका बाटलीवर तेच केलं. पुन्हा खालीच. बाईंनी खिडकी उघडून मान बाहेर काढली आणि खालच्या पार्किंगकडे बघत बराच वेळ मोठमोठे श्वास घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकटीला बोलावून सगळं दाखवलं. धाकटी हुशार होती, तिला आलेख बघताच कळलं. तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, हे समितीला सांगणार?"

"सांगावं लागेल. पापुद्रा दिवसभर चालणार नाही. या वर्षी नाही, पुढच्याही नाही. रस्ताच पुढे बंद आहे."

"समिती पुढच्या महिन्यात येतेय. त्यांना गेल्या वर्षीची घसरगुंडी दाखवू, सगळ्यात लांब होती ती. मुदतवाढ घेऊ. मग बदला रस्ता."

"आणि ती मुदत घेऊन ज्या रस्त्याने जायचं नाही त्याच रस्त्याचं नाव सांगत बसू?"

"सगळे तेच करतात!" धाकटीचा आवाज चढला. "तुमचं नाव झालंय, मॅडम. तुम्हाला रस्ता बदलणं म्हणजे बस बदलणं. माझा प्रबंध आहे त्याच्यावर. मी काय लिहू? मॅडमना शेजारच्या खोलीत साक्षात्कार झाला?"

धाकटी दार आपटून गेली. काचेचे तुकडे ट्रेमध्ये किणकिणले.

घरी बाई या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या घालत राहिल्या. यजमान टोस्टला लोणी लावत होते. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "लोकांना वाटतं माझं काम झोपवायचं. झोपवणं सोपं असतं गं. पैज असते ती परत उठवायची."

"प्रत्येक गोष्टीत तुझं ऑपरेशन थिएटर आणू नकोस रे!"

"बरं. मग टोस्ट खा."

बाईंनी उभ्याउभ्याच खाल्ला.

समिती आली तेव्हा बाईंनी दोन आलेख शेजारी शेजारी लावले. एक पापुद्र्याचा, डोंगराएवढा, कोसळणारा. दुसरा बाटलीचा, इतका बुटका की तो दिसावा म्हणून शंभरपट मोठा करावा लागला. त्या साध्या शब्दांत बोलल्या. अध्यक्ष बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले.

"म्हणजे इतकी वर्षं चुकीच्या दिशेने गेली असं तुम्हीच म्हणताय?"

"दिशा कुठवर जाते ते कळलं, असं म्हणतेय."

"आणि या बाटलीवर काय चालेल?"

"आज? काहीच नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. प्रकल्पाला मुदत मिळाली नाही. दोन महिन्यांत मोठी लॅब दुसऱ्या विभागाकडे गेली. थंड खोलीत आता कुणाचे तरी खडकांचे नमुने आले. बाईंनी सामान खोक्यांत भरलं. भरताना दर थोड्या वेळाने एखादं खोकं उघडून पुन्हा वेगळं भरत होत्या. पालकाचे क्रेट बंद झाले. भाजीवाल्याला वाटलं, घरातलं आजारपण संपलं.

धाकटीचा प्रबंध शेवटी झाला, आणि चांगला झाला. पापुद्रा नेमका कसा आणि कुठून मरतो यावर. बाईंनी तिच्याबरोबर बसून एकेक पान तपासलं, पण दोघींत पूर्वीचा मोकळेपणा आला नाही. ती सौर पट्ट्या बनवणाऱ्या एका कंपनीत गेली. जाताना पाया पडली नाही की रुसवाही दाखवला नाही, नुसतं "येते, मॅडम" म्हणाली. बाईंना ते लागलं. लागलेलंच राहिलं.

पण हे नंतरचं. त्याआधी शेवाळे सर परत आले. बारीक झाले होते, पोटाशी हात धरून चालत होते. खोलीत शिरताच त्यांनी बाटल्या मोजल्या आणि थांबले.

"दोन कमी आहेत."

"मारल्या," बाई म्हणाल्या. "मीच. अँटिबायोटिक घालून."

सर वळले. इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "विचारायचं होतं! फोन नव्हता का? त्यातलं एक वाण मी वाढवत आणलं होतं, माझ्या पहिल्या नोकरीपासून. तुम्हाला संभाळायला दिलं होतं, कापायला नाही!"

"चुकलं माझं. राहवलं नाही मला. सुचलं की मला थांबता येत नाही." बाईंनी आलेखाचे कागद पुढे केले. "हे बघा आणि मग बोला हवं तेवढं."

सर खुर्चीत बसले. कागद बघताना त्यांची बोटं रेषेवरून फिरत राहिली, उतरणीवरून खाली, चढणीवरून वर. मग अँटिबायोटिकच्या कागदाशी येऊन थांबली.

"हे करायला हवं होतं मी," ते पुटपुटले. "मी नुसता टोमणा मारून खाली बसलो."

"मीही टोमणाच मारला होता."

"तुमचा जास्त चांगला होता." सर हसायला गेले आणि पोट दुखलं म्हणून थांबले. "वाणाची एक नळी घरच्या फ्रीजमध्ये आहे. बायको रोज विचारते, ही हिरवी चटणी कधी फेकायची."

त्यानंतर बाई त्यांच्याच खोलीत टेबल टाकून बसू लागल्या. जमायला वेळ लागला. सर एक प्रयोग लावून आठवडाभर वाट बघणारे. बाई तासाभराने बाटली हलवून बघणाऱ्या. "बाई, ते वाढतंय, त्याला वाढू द्या." "सर, ते वाढेल, पण आपण म्हातारे होऊ." भांडणं रोजची. पण कार्बनच्या पट्ट्या किती खरबरीत असाव्यात, शेवाळ तिला चिकटून कसं बसावं, सांडणारे कण वाया न जाता कसे उचलावे, हे बाईंच्या हाताला ठाऊक होतं, आणि शेवाळाला काय आवडतं हे सरांना. मुंगी मोठी होऊ लागली. हत्ती झाली नाही. पण मुंगीच्या मानाने बरीच धष्टपुष्ट झाली. दोन विद्यार्थी आले. मग एक दिवस गावाबाहेरच्या तळ्याचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधक बाईंनी विचारलं, "मला पाण्याचं तापमान फोनवर कळवणारी डबी चालवायची आहे, तिचे सेल बदलायला दर वेळी चिखलातून जावं लागतं. तुमच्या शेवाळावर चालेल?"

ती डबी तळ्यात सोडायला सगळे गेले ती सकाळ ढगाळ होती. सरांची बायकोही आली होती. लहानखुरी, टोपी घातलेली, सगळ्यांपासून जरा लांब दगडावर बसलेली. बाई तिला पहिल्यांदाच भेटत होत्या.

"किती दिवस चालेल हे?" तिने विचारलं.

एरवी बाईंनी आकडा सांगितला असता, आणि तो थोडा वाढवूनच. "खरं सांगू? माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"माझे डॉक्टरही असंच म्हणतात," सरांची बायको म्हणाली. "आधी राग यायचा. आता बरं वाटतं, थाप मारत नाहीत म्हणून."

काठावर सगळे फोनकडे डोळे लावून उभे राहिले. बराच वेळ काहीच आलं नाही. विद्यार्थी तारा तपासायला पुढे जायला निघाले तर सरांनी हात आडवा केला. मग पडद्यावर एक आकडा उमटला. पाण्याचं तापमान. साधा, कुणालाही हाताने कळला असता असा आकडा. संशोधक बाई टाळ्या वाजवू लागल्या. सरांनी बायकोकडे फोन नेला आणि तिला तो दोनदा वाचून दाखवला.

"बाई कुठे गेल्या?" कुणीतरी विचारलं.

बाई चपला हातात घेऊन गुडघाभर चिखलात उतरल्या होत्या. पलीकडच्या काठाला पाण्याचा हिरवा रंग वेगळा का दिसतो, ते त्यांना जवळून बघायचं होतं.